मेमरीवरचे शेरे: पहिल्या ड्रायव्हर पॅचचा रिव्ह्यू कसा हाताळावा

पहिला लिनक्स ड्रायव्हर लिहून झाला. बोर्डावर चालतोय, डेटा येतोय, मॉड्यूल काढलं-घातलं तरी काही बिघडत नाही. पॅच (कोडमधला बदल) तपासणीसाठी पाठवला आणि उत्तरात शेऱ्यांची रांग लागली, त्यातले निम्म्याहून जास्त मेमरीवर. "अहो, पण चालतंय की!" असं मनात येणं साहजिक आहे. रिव्ह्यू करणारा मात्र चालणारा रस्ता फारसा वाचतच नाही. प्रोब (उपकरण सापडलं की ड्रायव्हर जोडायला चालणारं फंक्शन) अर्ध्यावर फसला तर? कुणी फाइल उघडी ठेवलेली असताना केबल उपसली तर? मेमरी मिळालीच नाही तर? तो या वाटा तपासतो, कारण तुमच्या टेबलावर त्या जवळपास कधीच घडत नाहीत आणि ड्रायव्हर जगभर पसरला की केव्हा ना केव्हा घडतातच.

साध्या प्रोग्रॅममध्ये फ्री करायची विसरलेली मेमरी प्रोसेस संपली की आपोआप परत जाते. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात जिथे ड्रायव्हर चालतो तिथे, तशी सोय नाही. हरवलेला तुकडा रीबूट होईपर्यंत हरवलेलाच. उलट बाजू त्याहून वाईट: फ्री केलेल्या जागेत लिहिलं, तर तिथे आता फाइलसिस्टमचा किंवा नेटवर्कचा डेटा असू शकतो. मग बिघाड दिसतो तिकडे, दोष असतो तुमच्या ड्रायव्हरमध्ये आणि शोधणाऱ्याचे आठवडे जातात.

पायरी १: कोड उघडण्याआधी शेरे वेगळे करा

शेरे आले की वरून खाली एकेक दुरुस्त करत जायचा मोह होतो. तसं करू नका. आधी त्यांचे तीन गठ्ठे करा. पहिला, लिहिण्याच्या पद्धतीचे शेरे. दुसरा, मेमरी कशी मागितली त्याबद्दलचे: आकार, फ्लॅग, चुकीचं फंक्शन. तिसरा, मेमरीच्या आयुष्याबद्दलचे: ही कुणाची, कधीपर्यंत लागते, शेवटी कोण सोडतं.

काम तिसऱ्या गठ्ठ्यापासून सुरू करा. समजा, एका शेऱ्यात म्हटलंय "इथे केफ्री राहिलं", दुसऱ्यात "लेबलांचा क्रम उलटा आहे", आणि तिसऱ्यात "हा बफर रिमूव्हनंतरही वापरला जातो". (केफ्री म्हणजे मेमरी सोडणारं फंक्शन, रिमूव्ह म्हणजे उपकरण सुटताना चालणारं.) तिसऱ्याचं उत्तर शोधताना बफर कुठे घ्यायचा आणि कुठे सोडायचा हेच बदलेल, आणि पहिले दोन शेरे ज्या ओळींवर होते त्या ओळीच कदाचित उरणार नाहीत. आधी त्या ओळी घासूनपुसून ठेवल्या असतील, तर ती मेहनत वाया.

शेऱ्यांचा सूरही ओळखायला शिका. "हे लीक होत नाही का?" (म्हणजे घेतलेली मेमरी सुटायची राहते का) असं प्रश्नार्थक लिहिलेलं असतं, तेव्हा रिव्ह्यूअरला शंका असतेच असं नाही. बऱ्याचदा त्याला खात्री असते, फक्त तो सभ्यपणे विचारतोय. "नाही होत" असं उत्तर देण्याआधी प्रत्येक रिटर्नवर बोट ठेवून पाहा.

पायरी २: किरकोळ गठ्ठा झटपट उरकून टाका

यातले शेरे जवळजवळ प्रत्येक नवख्याला मिळतात, म्हणून थोडक्यात.

आकार काढणाऱ्या साइझऑफमध्ये स्ट्रक्टचं नाव न लिहिता पॉइंटरच लिहा, म्हणजे "साइझऑफ तारा-पी". पुढे पॉइंटरचा टाइप बदलला तरी आकार बरोबर राहतो. मेमरी मागणाऱ्या केमॅलॉकचा परतावा कास्ट करू नका. केफ्रीच्या आधी "पॉइंटर नल (रिकामा) नाही ना" असं तपासू नका, केफ्रीला नल चालतं. मेमरी न मिळाल्यास एररचा संदेश छापू नका, कारण त्या वेळी कर्नल स्वतःच स्टॅक ट्रेससकट ओरडतो आणि तुमची ओळ नुसती भर घालते. उणे एक परत करू नका, उणे ईनोमेम (मेमरी नाही असं सांगणारा एरर) करा. केमॅलॉक करून लगेच मेमसेटने शून्य भरत असाल, तर सरळ दोन्ही एकत्र करणारं केझॅलॉक वापरा.

यातलं बरंचसं पॅच तपासणारी चेकपॅच स्क्रिप्ट आधीच सांगते. ती न चालवता पॅच पाठवला की अनुभवी डोळ्याला ते लगेच कळतं आणि पुढचे शेरे जरा कोरडे होतात. मात्र चेकपॅचचा प्रत्येक इशारा पाळलाच पाहिजे असंही नाही. ती स्क्रिप्ट आहे, मेंटेनर (कर्नलचा तो भाग सांभाळणारा माणूस) नव्हे.

पायरी ३: आकार कुठून येतो ते शोधा

"इथे केकॅलॉक वापरा" हा शेरा दिसायला शैलीचा, पण असतो सुरक्षिततेचा. केमॅलॉकच्या कंसात "संख्या गुणिले आकार" असं लिहिलं आणि संख्या बाहेरून येत असेल, तर तो गुणाकारच फसवू शकतो. ३२ बिटच्या यंत्रावर कुणी २६,८४,३५,४५७ ही संख्या दिली आणि प्रत्येक नोंद १६ बाइटची असेल, तर गुणाकार येतो ४,२९,४९,६७,३१२. तो ३२ बिटांत मावत नाही. वरचा भाग गळून जातो आणि उरतात १६ बाइट. केमॅलॉक आनंदाने १६ बाइट देतो, नल येत नाही, तुमची तपासणी पार होते आणि पुढचा लूप २६ कोटी नोंदी लिहायला निघतो.

केकॅलॉक आणि केमॅलॉक_अ‍ॅरे हा गुणाकार स्वतः करतात आणि तो ओसंडला तर नल देतात. स्ट्रक्टच्या शेवटी अनिश्चित लांबीचा अ‍ॅरे असेल तर स्ट्रक्ट_साइझ हा मॅक्रो वापरा. तो २०१८ साली कर्नल ४.१८ मध्ये आला. हिशेब ओसंडला तर तो शक्य तेवढी मोठी संख्या देतो, म्हणजे मागणी नाकारलीच जाते. शेवटचा अ‍ॅरे एक किंवा शून्य लांबीचा लिहिण्याची जुनी पद्धत आता चालत नाही. कंस रिकामा ठेवा.

एवढं करून काम संपत नाही. ओसंडला नाही, पण यूजरस्पेसमधून (साध्या प्रोग्रॅमकडून) १ जीबीची मागणी आली तर? संख्येला वरची मर्यादा घालणं ड्रायव्हरचं काम आहे. ही मर्यादा हार्डवेअरच्या डेटाशीटमधून काढा. मनाने १०२४ ठरवलं की पुढचा शेरा "१०२४च का?" असा येणार हे ठरलेलं. हार्डवेअरच्या रजिस्टरमधून वाचलेल्या संख्येलाही हाच नियम लावा. बिघडलेलं किंवा मुद्दाम बनवलेलं यूएसबी उपकरण वाट्टेल ते आकडे देऊ शकतं.

आकार मोठा असेल तर आणखी एक शेरा येतो: "एवढी सलग मेमरी खरंच हवी आहे का?" केमॅलॉक भौतिकदृष्ट्या सलग पानं (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) देतो. ४ केबीची पानं असतील तर सलग आठ पानांच्या पुढची, म्हणजे ३२ केबीहून मोठी मागणी कर्नल महागडी मानतो. बराच वेळ चालू असलेल्या यंत्रात मोकळी मेमरी भरपूर असूनही सलग मिळत नाही. नुसतं टेबल किंवा लॉग ठेवायचा असेल तर केव्हीमॅलॉक घ्या. तो आधी सलग मागून पाहतो, नाही मिळालं तर पानं जोडून देतो. सोडताना केव्हीफ्री. डीएमएसाठी (उपकरण सीपीयूला वगळून थेट मेमरीत लिहितं-वाचतं त्यासाठी) मात्र ही मेमरी चालत नाही, ते पुढे येईल.

पायरी ४: जीएफपी फ्लॅग बदलण्याआधी लॉक पाहा

"स्पिनलॉक धरून जीएफपी_कर्नल?" एवढाच शेरा असतो. जीएफपी फ्लॅग म्हणजे मेमरी कशी मागायची ते सांगणारी खूण, आणि स्पिनलॉक म्हणजे न झोपता वाट पाहायला लावणारा लॉक. जीएफपी_कर्नलने मागितलेली मेमरी लगेच नसेल तर कर्नल ती मोकळी होईपर्यंत झोपू शकतो. स्पिनलॉक धरून किंवा इंटरप्ट हँडलरमध्ये (उपकरणाने हाक दिली की चालणाऱ्या फंक्शनमध्ये) झोपायला परवानगी नाही.

नवखा माणूस यावर एकच गोष्ट करतो: जीएफपी_कर्नल खोडून जीएफपी_अ‍ॅटॉमिक लिहितो. इशारा थांबतो. पण हे रोग म्हशीला आणि औषध पखालीला असं होतं. जीएफपी_अ‍ॅटॉमिक झोपत नाही हे खरं, मात्र तो आणीबाणीसाठी राखलेल्या साठ्यात हात घालतो आणि त्याला नकार मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. बऱ्याच वेळा खरा उपाय सोपा असतो: मेमरी लॉक घेण्याआधी मागा, मग लॉक घ्या, तुकडा यादीत जोडा, लॉक सोडा. लॉकच्या आत गेल्यावर तुकड्याची गरजच नाही असं निघालं, तर लॉक सोडून केफ्री करा. आणखी एक पर्याय म्हणजे थ्रेडेड इंटरप्ट. त्याचा थ्रेड झोपू शकतो, त्यामुळे तिथे जीएफपी_कर्नल चालतो, अर्थात आत पुन्हा स्पिनलॉक धरला नसेल तर.

नेटवर्क ड्रायव्हरमध्ये पॅकेट येण्याच्या वाटेवर जीएफपी_अ‍ॅटॉमिक रास्त आहे. तिथे थांबायला जागाच नसते आणि मेमरी नसली तर पॅकेट टाकून देता येतं. आपल्या बाबतीत नकार मिळाल्यावर काय करणार, याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर हा फ्लॅग वापरा.

एक बारकावा. २०२४ मध्ये कर्नल ६.१२ पासून प्रीएम्प्ट_आरटी (कर्नलचा रिअल-टाइम प्रकार) मुख्य झाडात आहे. त्या कर्नलमध्ये रॉ स्पिनलॉक (तिथेही झोपू न देणारा लॉक) धरलेला असताना जीएफपी_अ‍ॅटॉमिकनेसुद्धा मेमरी मागता येत नाही, कारण मेमरी वाटणाऱ्या यंत्रणेतले लॉकच तिथे झोपू शकतात. जीपीआयओ किंवा इंटरप्ट कंट्रोलरचा ड्रायव्हर लिहीत असाल तर हा शेरा तुमच्या वाट्याला येईल.

स्टोरेजच्या ड्रायव्हरवर "जीएफपी_एनओआयओ हवं" असा शेरा आला तर त्यामागचं कारण समजून घ्या. मेमरी कमी पडली की कर्नल न लिहिलेली पानं डिस्कवर लिहून जागा करतो. ती डिस्क तुमच्याच ड्रायव्हरची असेल आणि ड्रायव्हर मेमरीची वाट पाहत बसला असेल, तर दोघं एकमेकांची वाट पाहत बसतील.

पायरी ५: मालक कोण, आयुष्य किती

आता खरा गठ्ठा. माझ्या मते रिव्ह्यूमध्ये सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा. एक कागद घ्या आणि ड्रायव्हरने घेतलेल्या प्रत्येक तुकड्यासमोर तीन गोष्टी लिहा: कुठे घेतला, कोण कोण त्याच्याकडे बोट दाखवतं, आणि शेवटचं बोट कधी उठतं. इंटरप्ट हँडलर, टायमर, वर्कक्यू (नंतर करायच्या कामांची रांग), उघडी फाइल, हार्डवेअर स्वतः, ही सगळी बोटं धरा. शेवटचं बोट उठण्याआधी मेमरी सुटली तर यूज-आफ्टर-फ्री, कधीच सुटली नाही तर लीक.

प्रोबमधल्या गोटो साखळीपासून (अपयश आलं की सोडण्याच्या लेबलांवर उडी मारणाऱ्या ओळींपासून) सुरुवात करा. ज्या क्रमाने घेतलं त्याच्या उलट क्रमाने सोडायचं. लेबलांना एर१, एर२ अशी नावं देऊ नका. लेबल काय करतं ते नावात असू द्या, उदाहरणार्थ एर_फ्री_बफर. मधे नवी पायरी घुसवली की आकड्यांची लेबलं सरकतात आणि चूक तिथेच होते. सगळ्या अपयशांना एकच "एर" लेबल ठेवणंही धोक्याचं. ज्या वाटेवर स्ट्रक्टच मिळाला नव्हता त्याच वाटेवर त्याच्या आतला पॉइंटर फ्री करायला जातो आणि नल डीरेफरन्स होतो. प्रोब एकदाच फसतो असंही गृहीत धरू नका. एखादा क्लॉक किंवा रेग्युलेटर अजून तयार नसेल तर ईप्रोब_डीफर मिळतो आणि प्रोब पुन्हा पुन्हा चालतो, म्हणजे एक लहान लीक प्रत्येक फेरीत वाढत जातो.

यावर उतारा म्हणून "डेव्हएम वापरा" असा शेरा हमखास येतो. डेव्हएम_केझॅलॉकने घेतलेली मेमरी प्रोब फसला किंवा ड्रायव्हर उपकरणापासून सुटला की आपोआप, घेतल्याच्या उलट क्रमाने सोडली जाते. ही यंत्रणा २००७ सालापासून कर्नलमध्ये आहे आणि तिने ड्रायव्हरमधल्या गोटोंचं जंगल खूप कमी केलं. पण तिच्याबद्दल दोन गैरसमज पक्के रुजलेले आहेत.

पहिला गैरसमज म्हणजे अर्धं डेव्हएम आणि अर्धं हाताने चालतं. पाहा: बफर केझॅलॉकने घेतला, इंटरप्ट डेव्हएम_रिक्वेस्ट_आयआरक्यूने घेतला आणि रिमूव्हमध्ये बफर केफ्री केला. दिसायला ठीक. पण आधी रिमूव्ह पूर्ण चालतं आणि त्यानंतर डेव्हएमच्या गोष्टी सुटतात. म्हणजे बफर गेलेला असताना इंटरप्ट अजून जिवंत आहे. त्या फटीत एक इंटरप्ट आला की हँडलर फ्री झालेल्या बफरमध्ये लिहितो. वर्षभर काही होणार नाही आणि मग एक दिवस होईल. उपाय असा की एकदा डेव्हएम सुरू केलं की त्यानंतरचं सगळं डेव्हएमनेच घ्या. ज्या गोष्टीला डेव्हएमचं रूप नाही तिच्यासाठी डेव्हएम_अ‍ॅड_अ‍ॅक्शन_ऑर_रीसेटने आपलं सोडणारं फंक्शन त्याच रांगेत नोंदवा. हे नको असेल तर इंटरप्टसुद्धा हाताने घ्या आणि हाताने सोडा. दोन्ही चालतं, सरमिसळ नाही. डेव्हएमने घेतलेला पॉइंटर केफ्रीला देणं ही सरमिसळीचीच आणखी उघड चूक. तो दुसऱ्यांदा सुटणारच.

दुसरा गैरसमज जास्त खोल आहे: डेव्हएम वापरलं म्हणजे आयुष्याचा प्रश्न सुटला. डेव्हएमचं आयुष्य ड्रायव्हर आणि उपकरण जोडलेले असेपर्यंत, तेवढंच. तुमचा ड्रायव्हर कॅरेक्टर डिव्हाइस (प्रोग्रॅमला फाइलसारखं उघडता येणारं उपकरण) देत असेल आणि एखाद्या प्रोसेसने फाइल उघडून ठेवली असेल, तर केबल उपसल्यावर रिमूव्ह चालतं, डेव्हएमचा स्ट्रक्ट जातो, पण फाइल उघडीच राहते. प्रोसेसने त्यानंतर आयओसीटीएल (उपकरणाला आज्ञा देणारा कॉल) केला किंवा नुसती फाइल बंद केली, तरी ड्रायव्हर गेलेल्या स्ट्रक्टला हात लावतो. इथे स्ट्रक्ट केझॅलॉकनेच घ्यायचा, त्याला केरेफ किंवा स्ट्रक्ट डिव्हाइसची संदर्भ मोजणी (अजून किती जण वापरतात त्याचा हिशेब) लावायची आणि शेवटचा संदर्भ सुटल्यावर रिलीज कॉलबॅकमध्ये तो सोडायचा. रिमूव्हमध्ये फक्त "उपकरण गेलं" अशी खूण लॉक धरून करायची, म्हणजे पुढचे कॉल ईनोडेव्ह (उपकरण नाही) हा एरर घेऊन परत जातील.

संदर्भ मोजणीत एक जागा अशी आहे जिथे जाणकारही ठेचकाळतात. उपकरणाची नोंद करणारा डिव्हाइस_रजिस्टर अपयशी ठरला तरी स्ट्रक्टला केफ्री करायचं नाही, संदर्भ सोडणारं पुट_डिव्हाइस करायचं. मोजणी तोपर्यंत सुरू झालेली असते आणि उपकरणाच्या नावासाठी घेतलेली मेमरीही रिलीजमधूनच सुटते. कर्नलमधल्या त्या फंक्शनच्या वरच्या टिपेत हे ठसठशीत लिहिलं आहे, तरी शेरा वर्षानुवर्षं येतच असतो.

टायमर आणि वर्कक्यूसाठी "सिंक" असलेलं फंक्शन वापरा. कॅन्सल_वर्क_सिंक चालू असलेलं काम संपेपर्यंत थांबतो. मात्र टायमर वर्कला उठवतो आणि वर्क टायमर लावतो असं चक्र असेल तर एकेकाला बंद करून भागत नाही, दुसरा पहिल्याला परत उठवतो. अशा वेळी टायमर_शटडाउन_सिंक घ्या. तो टायमर पुन्हा लागूच देत नाही.

केरीअ‍ॅलॉकचा परतावा त्याच पॉइंटरमध्ये घेऊ नका. हे फंक्शन तुकड्याचा आकार बदलतं. नकार मिळाला तर नल येतं, जुना तुकडा जिवंतच असतो आणि त्याचा पत्ता तुम्ही नुकताच पुसलेला असतो. यूजरस्पेसमधल्या डेटाची प्रत काढणारा मेमडप_यूजर चुकल्यावर नल देत नाही, एरर पॉइंटर देतो. तो इझ_एररने तपासा आणि चुकूनही केफ्रीकडे पाठवू नका.

२०२३ च्या कर्नल ६.५ पासून क्लीनअप.एच मधली आपोआप सोडण्याची सोय आहे: व्हेरिएबलवर केफ्रीची खूण केली की ते स्कोपबाहेर जाताच मेमरी सुटते. काही उपप्रणालींत तिचं स्वागत आहे. नेटवर्किंगच्या लिखित नियमांत मात्र ड्रायव्हरमध्ये ती थेट वापरू नये असा सल्ला आहे आणि डेव्हएमबद्दलही साशंक सूर आहे. त्यामुळे एका रिव्ह्यूअरने "हे आधुनिक करा" म्हटलं तरी त्या उपप्रणालीचा मेंटेनर काय मानतो ते आधी पाहा. शेजारच्या दोन-तीन ताज्या ड्रायव्हरवर नजर टाकली की कळतं.

पायरी ६: हार्डवेअर ज्या मेमरीला हात लावतं ती वेगळी वागवा

"हा बफर डीएमएसाठी सुरक्षित आहे का?" या शेऱ्याचं नेहमीचं कारण स्टॅकवरचा बफर. २०१६ च्या कर्नल ४.९ पासून एक्स८६-६४ वर कर्नलचा स्टॅक व्हीमॅलॉकच्या प्रदेशात असू शकतो, म्हणजे तो भौतिकदृष्ट्या सलग असेलच असं नाही. पूर्वी योगायोगाने चालणारे कितीतरी यूएसबी ड्रायव्हर तेव्हा उघडे पडले. व्हीमॅलॉकची मेमरीही याच कारणाने बाद. यूएसबीला कंट्रोल मेसेजसाठी केमॅलॉकचा बफर द्या, नाहीतर यूएसबी_कंट्रोल_मेसेज_सेंड आणि त्याचा रिसीव्ह भाऊ वापरा. ते आत स्वतः प्रत काढतात. एसपीआयमध्ये (चिपा जोडणाऱ्या बसमध्ये) एसपीआय_राइट_देन_रीडही तसंच करतो, एसपीआय_सिंक करत नाही.

स्टॅक टाळून बफर स्ट्रक्टच्या आत ठेवला तरी शेरा येऊ शकतो. उपकरण बफरमध्ये लिहीत असताना सीपीयूने त्याच कॅश लाइनमधल्या (सीपीयूच्या जलद मेमरीतल्या एकाच तुकड्यातल्या) शेजारच्या फील्डमध्ये लिहिलं, तर कॅश सुसंगत नसलेल्या यंत्रांवर दोघांपैकी एकाचं लिखाण पुसलं जातं. बफर वेगळा घ्या, किंवा स्ट्रक्टच्या शेवटी ठेवून त्याला डीएमएच्या किमान अलाइनमेंटवर बसवा. आयआयओ (सेन्सरसारख्या उपकरणांच्या) उपप्रणालीत त्यासाठी तयार मॅक्रो आहे.

बफरचा डीएमए पत्ता देणाऱ्या डीएमए_मॅप_सिंगलचा परतावा नलशी ताडून पाहू नका, डीएमए_मॅपिंग_एररनेच तपासा. शून्य हा कायदेशीर डीएमए पत्ता असू शकतो. मॅप केलं तितक्याच आकाराने आणि त्याच दिशेने अनमॅप करा. एररच्या वाटेवरचं अनमॅप विसरलं तर लीक शोधणाऱ्या केमेमलीकला ते दिसणारही नाही. त्यासाठी कॉन्फिग_डीएमए_एपीआय_डीबग चालू ठेवा.

यूजरस्पेसला स्ट्रक्ट पाठवत असाल तर त्यातल्या रिकाम्या फटी तपासा. ८ बिटचं फील्ड आणि लगेच ३२ बिटचं फील्ड असेल तर मधे ३ बाइट पॅडिंग येतं. ते भरलं नाही तर कर्नलच्या मेमरीतले जुने अवशेष कॉपी_टू_यूजरमधून बाहेर जातात. आधी मेमसेट करा, मग फील्ड भरा.

पायरी ७: दुरुस्ती झाली हे यंत्राला विचारा

"आता ठीक वाटतंय" हे पुरेसं नाही. पॅचची पुढची आवृत्ती पाठवण्याआधी एक वेगळा डीबग कर्नल बांधा. त्यात केसॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारा), केमेमलीक, लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारा), कॉन्फिग_डीबग_अ‍ॅटॉमिक_स्लीप आणि कॉन्फिग_डीबग_केऑब्जेक्ट_रिलीज हे सगळं चालू करा. शेवटचा पर्याय रिलीज कॉलबॅक मुद्दाम उशिरा चालवतो, त्यामुळे मोजणीकडे दुर्लक्ष करून घाईने सोडलेली मेमरी पकडली जाते. केसॅनचा जेनेरिक प्रकार शॅडोसाठी (तपासणीच्या नोंदींसाठी) एक अष्टमांश मेमरी खातो आणि यंत्र मंद करतो. लहान बोर्डावर ते परवडत नसेल तर केफेन्स आहे. तो अधूनमधून एखादाच तुकडा तपासतो, पण जवळपास फुकट चालतो.

मग ड्रायव्हरला त्रास द्या. सिसएफएसमधल्या (कर्नल फाइलींच्या रूपात दाखवतो त्या जागेतल्या) अनबाइंड आणि बाइंड फाइलींमधून तो शंभर वेळा सोडा आणि जोडा. एका प्रोसेसने फाइल उघडून ठेवा आणि त्या वेळी अनबाइंड करा, मग ती फाइल वाचा, मग बंद करा. वरचा दुसरा गैरसमज हीच चाचणी उघडा पाडते. इंटरप्ट सामायिक असेल तर कॉन्फिग_डीबग_एसएचआयआरक्यू घ्या. तो हँडलर सोडताना मुद्दाम एक खोटा इंटरप्ट पाठवतो, आणि रिमूव्हमध्ये आधी केफ्री केलेला बफर असेल तर केसॅन तिथेच पकडतो. कॉन्फिग_डीबग_टेस्ट_ड्रायव्हर_रिमूव्ह प्रत्येक प्रोबनंतर एकदा रिमूव्ह करून पुन्हा प्रोब करतो.

गोटो साखळीसाठी फेलस्लॅब. हा मेमरीची मागणी ठरवलेल्या प्रमाणात मुद्दाम नाकारतो, म्हणजे ज्या वाटा एरवी कधीच चालत नाहीत त्या चालतात. लहान आकाराची जीएफपी_कर्नल मागणी खऱ्या आयुष्यात सहसा नाकारली जात नाही. म्हणूनच या वाटा वर्षानुवर्षं न चाललेल्या राहतात, आणि त्या बिघडलेल्या आहेत हे कुणालाच माहीत नसतं.

केमेमलीकवर आंधळा विश्वास ठेवू नका. तो दर दहा मिनिटांनी मेमरी चाळतो, डीबगएफएसमधल्या त्याच्या फाइलीत स्कॅन लिहून हवं तेव्हा चाळायला लावता येतं. पण पेज अ‍ॅलोकेटरकडून थेट घेतलेली पानं आणि आयओरीमॅप (उपकरणाच्या रजिस्टरांसाठी जोडलेली जागा) तो पाहत नाही. आणि एखाद्या जुन्या यादीत पत्ता उरला असेल, तर कुणी वापरत नसलेला तुकडाही त्याला जिवंतच वाटतो.

पायरी ८: उत्तर लिहा, मग नवी आवृत्ती

प्रत्येक शेऱ्याखाली त्याच जागी उत्तर द्या: मान्य असेल तर एका ओळीत, नसेल तर कारणासह. "बफर रिलीजमध्ये सुटतो, कारण फाइल उघडी असू शकते" हे कारण झालं. "टेस्ट केलं, चालतं" हे कारण नव्हे. एखादा शेरा समजलाच नाही तर विचारा. गप्प राहून तो शेरा वगळलेली नवी आवृत्ती पाठवली, की रिव्ह्यूअर बहुधा पुढचं वाचतच नाही.

नव्या आवृत्तीत काय बदललं ते तीन डॅशच्या रेषेखाली लिहा, म्हणजे ते गिटच्या इतिहासात जात नाही. जुन्या ड्रायव्हरमधला लीक दुरुस्त करत असाल तर तो स्वतंत्र पॅच ठेवा. डेव्हएमवर नेण्याची साफसफाई त्यात मिसळू नका, कारण दुरुस्ती जुन्या स्टेबल कर्नलांमध्ये न्यायची असते आणि साफसफाई नाही. दुरुस्तीच्या पॅचला फिक्सेस टॅग द्या: चूक ज्या कमिटने आणली त्याच्या हॅशची पहिली किमान १२ अक्षरं आणि कमिटचं शीर्षक. तो कमिट शोधताना गिट ब्लेम जी ओळ दाखवतो ती बऱ्याचदा फक्त हलवलेली असते. एक-दोन पावलं आणखी मागे जा.

उत्तर आलं नाही तर आठवडाभर थांबा, मग आठवण करा. मधल्या काळात कुणी रिव्ह्यूड-बाय (मी हे तपासलं असं सांगणारा टॅग) दिलं असेल आणि तुम्ही नंतर आयुष्याचा भाग मुळापासून बदलला असेल, तर तो टॅग काढून टाका आणि का काढला ते डॅशखालच्या नोंदीत लिहा. त्या व्यक्तीने पाहिलेला कोड आता राहिलेला नाही.